नसाबीपासून विधानसभेपर्यंत : हिशेब देण्याची परंपरा

आपल्या वार्षिक स्मरणिकेत यंदा काही इतिहासपर लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. विषयाचा विचार करीत असता मागील मेळाव्यातील एक प्रसंग डोळ्यांपुढे आला. व्यासपीठावरून लोकप्रतिनिधींनी शासनाच्या योजनांची व तरुणांसाठी खुल्या झालेल्या संधींची माहिती दिली. मंडपातील मागच्या रांगेतील एक वृद्ध गृहस्थ उठून एवढेच म्हणाले, ''साहेब, हे सगळं खरं, पण आमच्या तांड्यावर ते पोचलं कुठं?'' काही लोक हसले. मला मात्र तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. निवडून दिलेल्या माणसाने लोकांपुढे उभे राहून कारभार सांगावा आणि लोकांनी त्यास प्रश्न विचारावा, ही रीत आपल्या समाजात विधानसभेहून पुष्कळ जुनी आहे. तिचाच मागोवा येथे घेण्याचे योजिले आहे.

तांड्याचा कारभार नायक, कारभारी व जाणती मंडळी मिळून पाहत असत. तंटा असो, सोयरीक असो की मुक्काम हलविण्याचा विचार असो, नसाब बसे आणि सर्वांदेखत बोलणे होई. नायकाचा मान मोठा होता, तथापि तो मान बैठकीतील उत्तरांवर टिकून असे. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर हिंडणाऱ्या लोकांस हे आवश्यकच होते. पुढची वाट कोणती, पाणी कोठे मिळेल, कोणत्या बाजारात भाव आहे, ही वार्ता नायकाने आणावयाची आणि तांड्यास सांगावयाची. वार्ता चुकली तर बैल मरत.

पुढे आगगाडी व पक्के रस्ते आले आणि लदेणीचा धंदा बुडाला. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच संशयाचा शिक्का बसला. आपल्या समाजासही कित्येक ठिकाणी त्याची झळ पोचली. ज्या सरकारची वार्ता म्हणजे पोलिसाची हजेरी, त्या सरकारकडून संधीची अपेक्षा कोण करणार? हा कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. 'विमुक्त' हे नाव त्यातूनच आले.

त्याच १९५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यावर १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले, नागपुरास कायद्याचे शिक्षण घेतलेले वसंतराव फुलसिंग नाईक पुसद मतदारसंघातून मध्यप्रदेश विधानसभेवर निवडून गेले व महसूल खात्याचे उपमंत्री झाले. विदर्भ त्या काळी मध्यप्रदेशात असून राजधानी नागपूर होती. दुसऱ्याच वर्षी, १९५३ मध्ये, आपल्या दिग्रस गावी अखिल भारतीय बंजारा अधिवेशन भरले आणि अखिल भारतीय बंजारा सेवा संघाचा पाया घातला गेला. कापसाच्या बाजारपेठेचे हे गाव तेव्हा दारव्हा तालुक्यात मोडत होते. तांड्यांतील माणसे एकत्र बसून शिक्षणाचा, रूढींचा व सरकार-दरबारी आपल्या स्थानाचा विचार करू लागली, ही घटना दिग्रसच्या इतिहासात लहान नव्हे. निराळ्या शब्दांत सांगावयाचे तर नसाब तांड्याबाहेर पडून देशव्यापी झाली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली व विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. जे सरकार नागपुरास होते, ते मुंबईस गेले. नागपूर करारान्वये विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरते खरे, परंतु एरवीचे अंतर वाढले ते वाढलेच. आमदाराने आणलेल्या वार्तेचे मोल या अंतरामुळे वाढले. ते अंतर कमी करण्याचा मोठा प्रयत्न नाईकसाहेबांच्याच नावाने ओळखला जातो. लोकशाही विकेंद्रीकरणाच्या समितीचे ते अध्यक्ष होते. तिच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. शाळा, दवाखाना, रस्ता या गोष्टींचा जाब विचारावयास मुंबईस जाण्याचे कारण उरले नाही.

५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारीचा प्रसार, १९६९ साली अकोल्यास झालेले कृषी विद्यापीठ आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारलेली रोजगार हमीची कामे ही त्या काळाची ठळक चिन्हे होत. रोजगार हमीच्या कल्पनेचे जनक वि. स. पागे. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि मागेल त्याला काम हे तत्त्व पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यातही उतरले. तथापि गौरव करताना सत्य झाकू नये. आपल्यातून एक मुख्यमंत्री अकरा वर्षांहून अधिक काळ झाला, आणि तरीही दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणाऱ्या गाड्यांत आपल्याच तांड्यांतील मुले चढत राहिली. पद मिळणे आणि पदाचा लाभ शेवटच्या घरास पोचणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

हे अंतर मी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात पाहिले आहे. महाराष्ट्र शासनाने २१ नोव्हेंबर १९६१ रोजी विमुक्त जाती व भटक्या जमातींची यादी लागू केली. आज विमुक्त जाती (अ) प्रवर्गास तीन टक्के आरक्षण आहे. परंतु दाखल्यासाठी त्या तारखेपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. हिंडणाऱ्या माणसाजवळ कागद कोठून असणार? असला तर कोतवाल बुकात, नाही तर शाळेच्या रजिस्टरात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांची नोंद मोठ्या मिनतवारीने सापडली. तीत जात 'लमाण' अशी लिहिलेली होती. लमाण हे नाव यादीत बंजारा जातीबरोबरच आहे, हे त्या कार्यालयातील मंडळींस पटेपर्यंत प्रवेशाची मुदत टळली. मुलाचे वर्ष गेले आणि त्या वर्षी तो ऊसतोडीस गेला. त्या कार्यालयाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. मला बोचते ते निराळेच. यादीची ती प्रत मजजवळ असती, तर मी त्याच दिवशी ती मुलाच्या हाती दिली असती. मी शिक्षक होतो, तरी मला ठाऊक नव्हते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, लोकप्रतिनिधींनी योजनांची नावे सांगावीत आणि त्याबरोबर अर्ज कोठे करावयाचा, कोणते कागद लागतात, मुदत केव्हा संपते, हेही सांगावे. वसंतराव नाईक यांच्या नावाचे विकास महामंडळ १९८४ पासून आहे. आपल्या तालुक्यातील किती तरुणांस त्यातून कर्ज मिळाले आणि किती अर्ज परत आले, असा प्रश्न आमदारांस विधानसभेत विचारता येतो आणि मंत्र्यांस उत्तर द्यावे लागते. आपणांसही २००५ च्या माहिती अधिकाराने तेच विचारता येते.

आपल्या संस्थेनेही आपला वाटा उचलावा. प्रत्येक तांड्यातील एका शिकलेल्या मुलाने वा मुलीने घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या जुन्या नोंदींच्या प्रती काढून एक वही तयार करावी. दाखला मागण्याची वेळ येण्यापूर्वीच ती वही तयार असली पाहिजे. मजकडे वेळ पुष्कळ आहे आणि जुने अक्षर मला अजून वाचता येते. ज्यांस गरज असेल त्यांनी निःसंकोच यावे.

मेळाव्यातील त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नास त्या दिवशी उत्तर मिळाले नाही. पुढील मेळाव्यात तो प्रश्न पुन्हा विचारला जावा, आणि तेव्हा मंडपात कोणी हसू नये, अशी श्रीसंत सेवालाल महाराजांच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.