दारावर नाव नसलेला माळी

क्रांती चौक हे नाव अलीकडचे. जुनी माणसे या जागेला काळा चबुतरा म्हणत. १८५७ च्या उठावात सामील झालेल्या इथल्या छावणीतील सैनिकांना येथेच देहदंड दिला गेला. आज चौकात उड्डाणपूल आहे, छत्रपती शिवाजी महाराजांचा २०२२ मध्ये अनावरण झालेला उंच पुतळा आहे. शहराने आपला इतिहास येथे धातूत आणि सिमेंटात नोंदवला. मला मात्र बरीच वर्षे एक वेगळा प्रश्न छळतो आहे: या शहरातली झाडे कोणी निवडली, आणि कोणत्या ज्ञानाच्या बळावर?

पहिला धागा बीबी-का-मकबऱ्यात सापडतो. तिथल्या प्रवेशद्वारावरील लेखात वास्तुरचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे आहेत. सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आवारातली चारबाग ज्याने लावली, त्याचे नाव त्या लेखात नाही.

तरीही त्या काळी वनस्पतीज्ञान दुय्यम मानले जात नव्हते. हिंदुस्थानाबद्दल नाराजीने लिहिणारा बाबरही जास्वंद, कण्हेर, केवडा आणि चमेली यांचे बारकाईने वर्णन करतो. त्याच्याही हजारएक वर्षे आधी वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला. दोन झाडांमध्ये वीस हातांचे अंतर उत्तम, सोळा हातांचे मध्यम, आणि बारा हातांपेक्षा कमी नको, असे तो सांगतो. कारणही देतो: फांद्या एकमेकींना भिडल्या आणि मुळे गुंतली की झाड नीट फळत नाही. वीस हात म्हणजे साधारण नऊ मीटर. आपल्या दुभाजकांवरची रोपे या मापाने एकदा मोजून पाहावीत.

१६१० मध्ये खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरने नहर बांधली. उत्तरेकडच्या डोंगरांतले पाणी उताराच्या जोरावर, जमिनीखालून शहरात आले. पुढच्या काळात पाणचक्कीचा हौद झाला, हिमायतबाग बहरली. हिमायतबागेत आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे, म्हणजे त्या जमिनीवर झाडांचा अभ्यास अजून चालू आहे. पाणी, माती आणि झाड यांचा विचार एकत्र झाल्याखेरीज बेसाल्टच्या या पठारावर बाग तगत नाही, हे या जागा सांगतात.

दुसरा धागा छापील आहे. इथल्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरील द्विखंडी ग्रंथ १९९८ मध्ये याच शहरातून प्रसिद्ध झाला. माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची पदवी नाही. हे खंड आणि काही म्हातारे माळी हेच माझे शिक्षक. या मातीत काय उगवते, याचे उत्तर आपल्या दाराशी आहे. पण मी पाहिलेल्या बहुतेक उद्यान-आराखड्यांत झाड म्हणजे एक हिरवे वर्तुळ असते. त्याचे नाव शेवटी, रोपवाटिकेत जे मिळेल त्यावरून ठरते.

यात नुकसान काय, ते एका उदाहरणाने सांगतो. चौकातल्या बसथांब्यावर सावली हवी आहे. बहावा देशी आणि देखणा. पण एप्रिल-मे महिन्यांत तो फुलांनी पिवळा होतो तेव्हा त्याच्यावर पाने फारशी नसतात. सावलीची गरज तर तेव्हाच सर्वाधिक. करंज आणि कडुनिंब पानगळ लवकर उरकून उन्हाच्या तोंडावर नवी पालवी धरतात. वड मोठी सावली देतो, पण त्याच्या मुळांना फरसबंदीखाली जागा नाही; तो मोकळ्या मैदानाकडे न्यावा. सप्तपर्णी दिवाळीच्या सुमारास फुलते. एखादे झाड सुखावते, सलग रांग लावली तर रात्री तो वास अनेकांना सोसवत नाही. म्हणजे नुसते ‘देशी’ म्हणूनही भागत नाही. कोनोकार्पस झटपट वाढतो म्हणून सर्वत्र लावला गेला, आणि २०२३ मध्ये गुजरात सरकारला त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा-वृक्षाचा दर्जा मिळाला. चांगले झाले. पण कायदा उभे झाड वाचवतो. आज खड्ड्यात जाणारे रोप पन्नास वर्षे जगेल की नाही, हे ते निवडणाऱ्याच्या ज्ञानावर ठरते. त्या खड्ड्याची खोली, खालचा मुरूम, डोक्यावरची वीजतार आणि मे महिन्यातले पाणी हे सारे त्याला आधी माहीत असायला हवे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शहरातल्या प्रत्येक उद्यान-आराखड्यावर वास्तुरचनाकार आणि अभियंता यांच्या जोडीला झाडे निवडणाऱ्याचीही सही असावी. दहा वर्षांनी कोणती झाडे जगली हे त्या नावासमोर लिहिता येईल. मकबऱ्याच्या दारावर राहून गेलेली तिसरी ओळ निदान आपण तरी लिहावी.