शेवाळाची तळी आणि औषधांचे पाणी

तळीच्या पायरीवर पाय घसरला की आपण शेवाळाला शिव्या घालतो. शेवाळ म्हणजे घाण हा समज इतका पक्का आहे की कुणी शेवाळाने पाणी स्वच्छ करतो म्हटले तर हसूच यावे. पण विल्यम ऑस्वाल्ड हा अमेरिकन अभियंता नेमके तेच म्हणत होता. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात त्याने हॅरोल्ड गोटास यांच्यासोबत सांडपाण्याच्या तळ्यांचा अभ्यास केला आणि १९५७ साली दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. हिशेब साधा होता. मैला कुजवणाऱ्या जीवाणूंना प्राणवायू हवा, आणि यंत्राने तो पाण्यात फुंकायचा तर वीज जाळावी लागते. शेवाळ तो उन्हात फुकट देते आणि जीवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड, नत्र, स्फुरद खाऊन वाढते. तळे गुडघ्याएवढेही खोल नाही, वळणे घेत जाणारे, आणि पाणी सावकाश फिरवणारे एक पात्यांचे चाक. वाढलेले शेवाळ वाळवून जनावरांना खाऊ घालावे, असाही ऑस्वाल्डचा विचार होता.

सांडपाण्यातल्या औषधांचा विचार तेव्हा कोण करणार? १९७७ साली अमेरिकेतल्या कॅन्सास सिटीच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यात रक्तातली चरबी कमी करणाऱ्या औषधाचा अंश आणि ॲस्पिरिनपासून बनणारे आम्ल सापडले. माणसाने गिळलेली गोळी पुढे नदीत जाते, हे तेव्हा कागदावर आले. पण त्यावर फारशी ओरड झाली नाही.

आपल्याकडची गोष्ट याहून भयंकर. हैदराबादजवळच्या पटानचेरूला औषध कारखान्यांचे पाणी एका सामायिक केंद्रात शुद्ध होत असे. शुद्ध झालेल्या पाण्याचा नमुना स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी तपासला. २००७ साली त्यांनी आकडा छापला, सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत! हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढे नसते. अशा पाण्यात जे जंतू तगतात, त्यांच्यावर ती गोळी पुढे काय चालणार?

मग ऑस्वाल्डची तळी पुन्हा आठवली गेली. बार्सिलोनाच्या संशोधकांनी तशा तळ्यांत औषधांचे काय होते ते मोजले. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल बहुतांश नाहीसे होतात. डायक्लोफेनॅक (आपली गिधाडे संपवणारे हेच) उन्हाने मोडते, आणि तळे उथळ असल्यामुळे ऊन पोचते. काही औषध पेशीच्या भिंतीला चिकटते, काही आत शिरून मोडले जाते, बरेचसे काम शेजारचे जीवाणू करतात. मात्र अपस्मारावरचे कार्बामाझेपिन शेवाळाला दाद देत नाही, ते जवळजवळ तसेच पुढे जाते. शिवाय पटानचेरूइतके प्रतिजैविक असेल तर निळे-हिरवे शेवाळ स्वतःच आधी मरेल. तिथे उगमाशीच, कारखान्यातच, बंदोबस्त हवा.

दुसरी वाट मेलेल्या शेवाळाची. हणजुणच्या खडकांवर सारगॅसम हे तपकिरी समुद्रशेवाळ आपण पाहतो, त्याच्या भिंतीत अल्जिनेट असते. वाळवून भुकटी केली तरी त्याच्यावरचा ऋण भार राहतो आणि धन भाराची द्रव्ये त्याला धरतात. जड धातू काढण्यासाठी मॉन्ट्रियलच्या बोहुमिल वोलेस्की यांनी यावर पुष्कळ काम केले. औषधांत अडचण अशी की डायक्लोफेनॅकसारखी कितीतरी औषधे पाण्यात स्वतःच ऋण भाराची असतात, म्हणजे भुकटी त्यांना दूरच लोटते. मग पाण्याची आम्लता बदला किंवा भुकटी भाजून तिचा कोळसा करा. असो, रसायनशास्त्र इथेच थांबवतो.

गोव्यात औषधांचे कारखाने थोडेथोडके नाहीत, वेर्णेला गेलेल्याला ते सांगायला नको. इथे तळी खोदायची तर पहिला प्रश्न आपल्या पावसाचा. जून ते सप्टेंबर ऊन नाही, आणि उथळ तळे एका सरीत भरून वाहते. दुसरा प्रश्न औषध शोषून बसलेल्या शेवाळाचा. ऑस्वाल्डप्रमाणे ते गुरांपुढे टाकता येणार नाही. भाताच्या खाचरात खत म्हणून घातले तर काढलेले औषध पुन्हा मातीत. जाळायचे तर आधी वाळवायला हवे, आणि त्यालाही ऊनच लागते.