मुलामागे एक दात

बाईला प्रत्येक मुलामागे एक दात गमवावा लागतो, अशी जुनी समजूत युरोपात होती. पोटातले बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, असे कारण सांगत. ते खरे नाही. पुरत्या तयार झालेल्या दातातून कॅल्शियम असे परत रक्तात जात नाही. खरी गोष्ट हिरड्यांची आहे.

१९६३-६४ साली लो आणि सिलनेस यांनी गरोदर स्त्रियांच्या हिरड्या तपासल्या. गरोदरपणात हिरड्यांचा दाह वाढत होता, बाळंतपणानंतर ओसरत होता. दातांवरचा थर मात्र त्या प्रमाणात वाढलेला नव्हता. मग वाढले काय? १९८० मध्ये कॉर्नमन व लोशे यांना एका जीवाणूचे प्रमाण गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत वाढलेले आढळले. त्याचे आजचे नाव प्रिव्होटेला इंटरमीडिया. या काळात रक्तात वाढणारी स्त्री-संप्रेरके त्याला एका जीवनसत्त्वाऐवजी चालतात! शिवाय याच काळात आईची प्रतिकारव्यवस्थाही बदललेली असते.

१९९६ मध्ये ऑफेनबाखर व सहकाऱ्यांनी १२४ स्त्रियांच्या अभ्यासातून खळबळजनक निष्कर्ष काढला. हिरड्यांचा आजार असलेल्यांत अकाली व कमी वजनाच्या बाळाचा धोका सुमारे सातपट दिसत होता. हिरड्यांतले जीवाणू आणि दाहातून निर्माण होणारी द्रव्ये रक्तावाटे गर्भाशयापर्यंत पोचत असावीत, असा तर्क होता. तर्क पटण्याजोगा होता, आणि तिथेच सावध राहायला हवे होते. गरिबी आणि तंबाखू यांनी हिरड्याही बिघडतात व प्रसूतीही. (आणखी कोणती समाईक कारणे असतील, हे वर्गात विचारून पाहावे.)

याची कसोटी प्रयोगानेच लागणार होती. अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाच्या दातांची व हिरड्यांची खोलवर सफाई २१ व्या आठवड्यापूर्वी सुरू केली, दुसऱ्याची बाळंतपणानंतर. २००६ मध्ये निकाल आला : अकाली प्रसूती १२.० टक्के आणि १२.८ टक्के. म्हणजे फरक नाहीच. हिरड्या सुधारल्या होत्या, त्यांतले रोगकारक जीवाणूही कमी झाले होते. परंतु रक्तातल्या दाहदर्शक द्रव्यांत लक्षणीय बदल नव्हता. २००९ मध्ये खुद्द ऑफेनबाखर यांच्या सुमारे १८०० स्त्रियांवरील चाचणीनेही तेच सांगितले.

मात्र २००६ च्या त्याच चाचणीत एक गोष्ट पक्की झाली. उपचारांमुळे आईला वा बाळाला अपाय झाला नव्हता. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये तसा स्पष्ट सल्लाच दिला : दात दुखत असेल, तर बाळंतपणापर्यंत थांबू नये.