रॉदरहॅमची राजपूत

भारतीय नौदलाच्या पहिल्या ‘राजपूत’चं माहेर स्कॉटलंडचं. क्लाइडकाठच्या जॉन ब्राउन गोदीत 1942 साली ती पाण्यात उतरली ती ‘एचएमएस रॉदरहॅम’ म्हणून. यॉर्कशायरमधल्या एका पोलादी गावाचं हे नाव. ‘क्वीन मेरी’ हे आलिशान प्रवासी जहाजही याच गोदीतलं, पण तसला दिमाख रॉदरहॅमला कुठला! युद्ध ऐन भरात होतं आणि जर्मन पाणबुड्यांमुळे ब्रिटनला विनाशिका पुरत नव्हत्या. चार 4.7 इंची तोफा, आठ टॉर्पेडो नळ्या, 40,000 अश्वशक्तीची टर्बाइनं. ‘आर’ वर्गातल्या या आठ भावंडांत केलेली एक साधी सुधारणा मला तोफांहून मोलाची वाटते. अधिकाऱ्यांच्या केबिनी जहाजाच्या पार मागच्या टोकावरून मध्याकडे आणल्या. जुन्या विनाशिकांत वादळी रात्री पहाऱ्याची पाळी बदलायची, तर लाटा अंगावर घेत डेकवरून पुढे ब्रिजपर्यंत जावं लागे.

रॉदरहॅमच्या वाट्याला आला हिंदी महासागर. एप्रिल 1944 मध्ये ‘इलस्ट्रियस’ आणि अमेरिकी ‘साराटोगा’ यांच्या विमानांनी सुमात्राजवळचा सबांगचा जपानी तळ झोडपला, तेव्हा ती त्यांच्या भोवतीच्या संरक्षक कड्यात होती. विनाशिकेचं नशीबच असं: नाव विमानवाहू जहाजांचं, जागरणं हिची. सप्टेंबर 1945 मध्ये मात्र मान मिळाला. सिंगापूरच्या नाविक तळावरच्या जपान्यांची शरणागती रॉदरहॅमचे कॅप्टन बिग्ज यांनी स्वीकारली.

1949 मध्ये या वर्गातली तीन जहाजं भारताने घेतली. आद्याक्षर कायम ठेवून बारसं झालं: रॉदरहॅमची राजपूत, रीडाउटची रणजित, रेडरची राणा. 1961 च्या गोवा मुक्तीच्या वेळी राजपूत विमानवाहू ‘विक्रांत’च्या ताफ्यात होती.

1971 उजाडेपर्यंत ती निवृत्तीला टेकली होती. त्याच वर्षी भारत-पाक युद्धाच्या तोंडावर पाकिस्तानची पाणबुडी ‘गाझी’ विक्रांतच्या शोधात बंगालच्या उपसागरात आली. गाझीही जुनीच, पूर्वाश्रमीची अमेरिकी ‘डायब्लो’. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी विक्रांत अंदमानकडे दडवली आणि राजपूतला विक्रांतचं सोंग दिलं. विशाखापट्टणमजवळून ती बिनतारी संदेश असे पाठवी, की ऐकणाऱ्याला विमानवाहू जहाजच तिथे असल्याचं वाटावं.

3 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमाराला लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांनी राजपूत बंदराबाहेर काढली. समोर पाणी संशयास्पद ढवळलेलं दिसलं आणि त्यांनी दोन डेप्थ चार्ज टाकायला लावले. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकाने भरलेलं पिंप. आत पाण्याच्या दाबावर सुटणारी कळ. किती खोलीवर फुटायचं ते आधी लावून ठेवायचं, पिंप सोडायचं आणि जहाज वेगाने पुढे काढायचं, नाहीतर आपलंच बूड फुटायची भीती. त्या रात्री बंदराबाहेर प्रचंड स्फोट झाला. गाझी बुडाली, तिच्यातलं कुणीही वाचलं नाही.

तो स्फोट राजपूतच्या पिंपांनी झाला, असं भारताचं म्हणणं. पाकिस्तानच्या मते गाझी स्वतः पेरलेल्या सुरुंगांना किंवा आतल्याच स्फोटाला बळी पडली. हा वाद अजून चालू आहे, आणि 2017 च्या ‘द गाझी अटॅक’ सिनेमाने त्यात कल्पनेची भरपूर भर घातली. मला विचाराल तर श्रेय पिंपांवरून मोजणंच चुकीचं. खोट्या संदेशांनी गाझीला विशाखापट्टणमच्या दारात खिळवून ठेवलं, तिथेच विक्रांत वाचली. आणि त्या सोंगात जिवाची जोखीम होती ती राजपूतवरच्या खलाशांची. आमिष तेच होते.

1976 मध्ये राजपूत भंगारात निघाली. चारच वर्षांनी ते नाव सोव्हिएत बांधणीच्या नव्या विनाशिकेला मिळालं.