निस्ताराची जागा आणि वस्तीचा बगीचा



बगीचा हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. बगीचा ही फिरण्याची, फार तर मुलांना खेळवण्याची जागा. तिचा इतिहास तो काय असणार? परंतु वरठीसारख्या वाढत्या गावात बगीच्याचा प्रश्न फुलझाडांचा नसून जमिनीचा आणि पैशाचा असतो, आणि जमीन व पैसा जेथे आले तेथे इतिहास आलाच.

नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी मीटरगेज लाइन आधी राजनांदगावपर्यंत पोचली. पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेली आणि रुंद झाली. जिल्ह्याचे गाव भंडारा लाइनपासून दूर राहिले. स्टेशन वरठीला आले आणि त्याला नाव मिळाले ‘भंडारा रोड’. गाव वरठीचे, पाटी भंडाऱ्याची! पुढे येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. स्टेशन आणि कारखाना या दोहोंनी मिळून वस्ती शहरासारखी केली, कारभार मात्र दीर्घकाळ ग्रामपंचायतीचाच राहिला. आजच्या विषयाची सारी अडचण या एका विसंगतीत आहे.

त्याआधी मोकळ्या जागेची व्यवस्था काय होती? आपला मुलूख मालगुजारीचा. 1860 नंतरच्या बंदोबस्तात इंग्रज सरकारने मालगुजारांना गावचे मालक ठरवले, परंतु रयतेचे निस्ताराचे हक्कही मान्य केले. निस्तार म्हणजे जळाऊ लाकूड, गवत, चराई, तलावाचे पाणी, मढे नेण्याची वाट. वाजिब-उल्-अर्जमध्ये गावची ही वहिवाट लिहिलेली असे. गुरे गोळा होण्याचे आखर, गावाबाहेरची बोडी, तलावाची पाळ, तिच्यावरची आंब्याची आणि मोहाची झाडे यांना कोणी बगीचा म्हणत नव्हते. संध्याकाळी म्हातारी माणसे मात्र पाळीवरच बसत. त्या सावलीसाठी कोणी कर देत नव्हते, हेही ध्यानात घ्या. आणि ती सर्वांना सारखी मिळत होती असेही मी म्हणणार नाही. कोणत्या घाटावर कोणी पाणी भरावे हे जात ठरवीत असे. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना हे विसरण्याचा मोह फार होतो.

31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपली. गावची पडीत जमीन आणि तलाव सरकारकडे आले. खाजगी कबज्यातील काही आमराया आणि विहिरी जुन्या मालकांकडे राहिल्या. निस्ताराचे हक्क निस्तारपत्रकात उतरले. सुधारणा मोठी होती यात वाद नाही. तथापि जी जागा पूर्वी ‘गावची’ होती ती ‘सरकारची’ झाली, आणि सरकारची म्हणजे कोणाचीच नाही, असा अर्थ लोकांनी सोयीने करून घेतला. आखरावर टपरी आली, बोडीत मुरूम पडला. देशभर हेच घडले. पंजाबातील एका गावतळ्यावरील अतिक्रमणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला 2011 मध्ये सर्व राज्यांना सांगावे लागले की, गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करून गावाला परत द्या.

आता शहरांनी बगीच्यांचा पैसा कोठून आणला ते पाहू. मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला आणि 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची शेते ट्रस्टने एकगठ्ठा घेतली, रस्ते आखले, बागांची जागा आधी काढून ठेवली आणि मग प्लॉट भाड्याने दिले. माटुंग्याच्या पाच बागा अशा झाल्या. बागेमुळे प्लॉटची किंमत चढे आणि त्या चढलेल्या किमतीतूनच बागेचा खर्च निघे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने हेच तत्त्व मालकांना लावले: योजनेमुळे जमिनीची किंमत जेवढी वाढेल तिच्या निम्म्यापर्यंत वाटा मालकाने द्यावा. आमच्या नागपूरला 1936 चा कायदा होऊन सुधार प्रन्यास आला. त्याचीही रीत याच जातीची. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. जागा घरांच्या आधी राखली गेली. घरे झाल्यावर बागेसाठी जमीन घेऊ म्हणणाऱ्याला बाजारभावाने पैसे मोजावे लागतात, आणि लहान गावाच्या तिजोरीत ते कधीच नसतात.

1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने नगरपालिकांना विकास आराखडा करणे भाग पडले. आराखड्यात बगीच्याचे आरक्षण पडते. पण दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण उठवून घेऊ शकतो. म्हणजे नकाशावर हिरवा रंग भरणे सोपे, तो टिकवायला रोख रक्कम लागते. ग्रामपंचायतीला असा स्वतःचा आराखडाही नाही. तिच्या हाती उरते ती ले-आऊटमधली खुली जागा. एक एकराच्या वरच्या ले-आऊटमध्ये साधारण दहावा हिस्सा मोकळा सोडावा लागतो. ही जमीन फुकट मिळते. प्लॉट घेणाऱ्यांनी तिची किंमत आपापल्या प्लॉटच्या दरात आधीच चुकवलेली असते. म्हणून तिच्यावर काही बांधले जात असता शेजाऱ्यांनी गप्प बसावे हे मला समजत नाही. बंगलोरात एका वस्तीच्या उद्यानाची जागा खाजगी रुग्णालयाला देण्यात आली तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले, आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवले. रुग्णालय काही वाईट वस्तू नव्हे. पण जागा दुसऱ्या कामाची होती.

राहिला वर्षावर्षाचा खर्च. अनुदानातून कमान, झोपाळे आणि उद्घाटनाचा दगड होतो. माळ्याचा पगार घरपट्टीतूनच द्यावा लागतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा ठिकाणी हिरवळीचा हट्ट म्हणजे नळाचे पाणी मातीत घालणे. कडुलिंब, चिंच, करंज, वड ही झाडे पहिली तीन-चार वर्षे गुरांपासून राखली की पुढे फारसे मागत नाहीत. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार 1914 मध्ये हिंदुस्थानात आला. इंदूरच्या होळकर दरबारासाठी त्याने केलेला अहवाल 1918 मध्ये दोन खंडांत निघाला. जुन्या वस्तीत सरसकट पाडापाड न करता पडक्या घरांच्या जागी लहान लहान मोकळ्या जागा काढाव्यात, असे तो सांगे. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजवण्यालाही त्याचा विरोध होता. डास होत असतील तर मासे सोडा, तलाव ठेवा, असे त्याचे म्हणणे.

तेव्हा वरठीत बगीचा कोठे करावा असे मला कोणी विचारले, तर मी नवी जमीन शोधायला सांगणार नाही. प्रथम निस्तारपत्रक काढा, ले-आऊटचे मंजूर नकाशे काढा, आणि त्यांतील किती खुल्या जागा ग्रामपंचायतीच्या मालमत्ता-नोंदवहीत चढल्या आहेत ते ताडून पाहा. ज्या चढल्या नसतील त्यांना आधी कुंपण घाला. त्यानंतर माळी नेमा. झोपाळ्यांचे पुढे पाहू.