रेखाटनाचे डिजिटल रंगकाम

कागदावर पेन्सिलीने किंवा शाईने काढलेले चित्र स्कॅन करून संगणकावर वा टॅब्लेटवर रंगवण्याची पद्धत. मुखपृष्ठे, बालपुस्तके, चित्रकथा आणि ॲनिमेशन या क्षेत्रांत ती पूर्णपणे रुळली आहे. रेषा आणि रंग शेवटपर्यंत वेगवेगळे ठेवणे हा या कामाचा पाया. रंग हवे तितक्या वेळा बदलता यावेत, पण हाताने काढलेल्या रेषेला धक्का लागू नये, यासाठीच पुढची सारी खटपट असते.

रेषेचे बरेवाईट बहुतांशी स्कॅन करतानाच ठरते. छपाईच्या चित्राला साधारणपणे ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) लागतात; बारीक शाईकामासाठी ६०० घेतलेले बरे. ६०० डीपीआयला ए-४ आकाराचे चित्र सुमारे ४,९६० × ७,०१६ पिक्सेलचे होते. स्कॅनमध्ये कागद पांढराशुभ्र येत नाही, त्यावर करडी झाक राहते. म्हणून ‘लेव्हल्स’ ही सोय वापरून कागद पांढऱ्याकडे आणि रेषा काळ्याकडे नेतात. इथे हात आवरता घ्यावा लागतो. फार ताणले की पेन्सिलीचा दाणेदारपणा आणि रेषेवरचा कमी-जास्त दाब दोन्ही पुसले जातात आणि चित्रातला जीव जातो.

कच्चे रेखाटन फिकट निळ्या पेन्सिलीने करून त्यावर शाई फिरवण्याची जुनी रीत इथेही उपयोगी पडते. चित्र रंगीत स्कॅन केले, तर फिकट निळी रेष निळ्या चॅनेलमध्ये कागदाइतकीच उजळ दिसते, शाई मात्र काळीच राहते. तेवढाच चॅनेल घेतला की खोडरबराला हातही न लावता कच्चे काम नाहीसे होते.

यानंतर रेषेचा लेअर, म्हणजे स्वतंत्र थर, सर्वांत वर ठेवून त्याला ‘मल्टिप्लाय’ हा गुणधर्म देतात. यामागचे गणित सोपे आहे. पांढऱ्याची किंमत १, काळ्याची ० धरून वरच्या-खालच्या पिक्सेलांचा गुणाकार होतो. त्यामुळे पांढऱ्या कागदाखालचा रंग जसाच्या तसा दिसतो, काळ्या रेषेखाली काळाच उरतो, आणि पेन्सिलीच्या करड्या छटा खालच्या रंगात मिसळतात.

मग येतात ‘फ्लॅट्स’: चेहरा, कपडे, आकाश असे प्रत्येक भाग सपाट, एकजिनसी रंगाने भरणे. हे रंग अंतिम असावेच असे नाही. पुढे तो भाग एका टिचकीत निवडता यावा, हा त्यांचा खरा उपयोग. म्हणून फ्लॅट्सच्या कडा मुद्दाम मऊ न करता करकरीत ठेवतात. काम कंटाळवाणे, पण सगळी भिस्त त्यावर. अमेरिकी कॉमिक्सच्या धंद्यात त्यासाठी ‘फ्लॅटर’ नावाचा वेगळा कारागीर असतो. नवशिक्याच्या चित्रात रेष आणि रंग यांच्यामध्ये पांढरी किनार राहते, कारण रंग रेषेच्या मऊ कडेशीच थांबलेला असतो. तो एक-दोन पिक्सेल रेषेखाली सरकवला की किनार जाते. तुटक रेषांतून रंग बाहेर सांडणे ही दुसरी डोकेदुखी. क्रिटा या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भागात रंगाचा एखादा फराटा ओढला, की सीमा कुठे असावी याचा अंदाज सॉफ्टवेअरच घेते. सावल्या, उजेड आणि पोत हे सारे त्यानंतर, वेगळ्या लेअरवर.

रंगासाठी वेगळा थर ही कल्पना संगणकाआधीची आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात शिळाछपाईसाठी रंगागणिक वेगळा दगड लागे. ॲनिमेशनमध्ये पेन्सिलीची चित्रे सेल्युलॉइडवर हाताने गिरवून मागच्या बाजूने रंगवत. डिस्नेच्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ (१९६१) या चित्रपटात झेरॉक्स तंत्राने रेषा थेट सेल्युलॉइडवर उतरवल्या गेल्या आणि चित्रकाराची खरखरीत रेष पडद्यावर दिसू लागली. पुढे डिस्नेने पिक्सारसह ‘कॅप्स’ ही संगणक प्रणाली उभारली. ‘द रेस्क्युअर्स डाउन अंडर’ (१९९०) हा तिच्यावर संपूर्ण रंगवलेला पहिला चित्रपट. छापील चित्रकथेत कात्सुहिरो ओतोमोच्या मूळ कृष्णधवल ‘अकिरा’ची अमेरिकी आवृत्ती महत्त्वाची ठरली. १९८८ पासून निघालेल्या त्या अंकांना स्टीव्ह ऑलिफ यांनी संगणकावर रंग दिले. फोटोशॉपमध्ये लेअर आले ते १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. तेव्हापासून ही पद्धत घरच्या संगणकापर्यंत पोहोचली.

पडद्यावरचे रंग लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचे, छपाईचे चार शाईंचे. म्हणून दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर भडक हिरवा किंवा विजेसारखा निळा योजला, तर तो कागदावर मंद उतरतो. काळी रेष केवळ काळ्या शाईतच छापावी. पडद्यावरच्या रंगांचे छपाईच्या शाईंत रूपांतर करताना ती चारही शाईंची झाली आणि छपाईत शाई जराशी सरकली, तर रेषेला रंगीत पदर सुटतात.

२०१७ मध्ये जपानच्या प्रिफर्ड नेटवर्क्स कंपनीने पेन्ट्सचेनर हे रेखाचित्र आपोआप रंगवणारे साधन आणले. २०२३ मध्ये आलेल्या कंट्रोलनेट या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या तंत्रात रेखाटन हा नुसता आधार असतो. त्यावरून यंत्र संपूर्ण चित्र नव्याने घडवते. त्यामुळे बोटांची ठेवण, डोळ्यांची नजर, रेषेची जाडी बदलू शकते. मूळ रेष टिकवायची असेल, तर यंत्राने सुचवलेले रंग खालच्या लेअरवर घेऊन स्कॅन केलेली रेष पुन्हा वर ठेवावी लागते.