मालधक्का, लघुरेल्वेतील
रेल्वेच्या मालधक्क्याची प्रमाणबद्ध प्रतिकृती. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी स्थापिलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात (१९९८) रूढ असलेले १:८७ हे परिमाण स्वीकारल्यास १,६७६ मिमी. रुंदीचा भारतीय मार्ग सु. १९.३ मिमी. भरतो, परंतु बाजारी रूळ १६.५ मिमी.चेच मिळत असल्याने ही तूट कारागीर बिनतक्रार मंजूर करतो. परभणी-परळी मार्गावरील पोखर्णी नृसिंह स्थानकाचा परिसर साकारावयाचा, तर काळी जमीन व बाभळी एवढ्यावर निभावते, गर्द हिरवळ तेथे विसंगतच ठरेल. तळ मात्र समपातळीत हवा, अन्यथा सुट्या वाघिणी घरंगळतात. आणि पातळ डिंकाने खडी बसविताना सांध्यांची हलती पाती चिकटणार नाहीत, अशी दक्षता घ्यावी लागते.